तेविसावी जोडी

सोनोग्राफी सेंटरमधला तो बोर्ड तुम्ही पाहिलेलाच असतो. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. असे करणे कायद्याने गुन्हा आहे.' सोलापुरात रेल्वे लाइन्सच्या दवाखान्यांत तो आहे, सिव्हिलमध्ये आहे, बार्शी-अक्कलकोटच्या लहान सेंटरमध्येही आहे. मूतखड्यासाठी पोटाची सोनोग्राफी करायला आलेला माणूससुद्धा त्याच बोर्डाखाली नंबर येण्याची वाट बघत बसतो. आमच्या पिढीनं तो इतक्या वेळा पाहिलाय की आता तो दिसतच नाही.

पण जरा विचार केला तर हा बोर्ड विचित्र आहे. एरवी बोर्ड लावतात तो इथं काय मिळतं हे सांगायला. इथं काय मिळत नाही, ते लिहिलंय. मग गर्भातलं बाळ तपासण्याची विद्या मुळात आली कशासाठी? तिचं खरं काम काय होतं?

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. बारावीला बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेणाऱ्यांपैकी एक. गेल्या दोन-तीन वर्षांत मित्रांची लग्नं झाली, घरोघरी गोड बातम्या आल्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचे फोटो येऊ लागले. 'तुला नेटवर शोधता येतं, बघ जरा हे काय आहे.' कागदावर लिहिलेलं असायचं: 'ट्रायसोमी २१, रिस्क १:२१०'. तो कागद समजून घेण्यासाठी जे वाचत गेलो, त्यातून ही गोष्ट हाती लागली. ती सुरू होते एका मोजणीपासून आणि येऊन पोचते थेट आपल्या महाराष्ट्रात.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या, म्हणजे क्रोमोसोमच्या, तेवीस जोड्या असतात. त्यांपैकी बावीस जोड्या बाई आणि पुरुष दोघांत सारख्याच. तेविसावी जोडी लिंगाची: बाईत एक्स-एक्स, पुरुषात एक्स-वाय. गर्भाची गुणसूत्रं मोजण्याची सोय झाली, तेव्हा आपल्याकडे त्यातली एकच जोडी वाचली गेली. शेवटची.

अठ्ठेचाळीस की सेहेचाळीस?

गुणसूत्रं एकोणिसाव्या शतकातच दिसली होती. पेशी दुभंगताना तिच्या आत रंग धरणारे धागे दिसतात, म्हणून १८८८ मध्ये त्यांना 'क्रोमोसोम' हे नाव मिळालं. पण माणसात ते नेमके किती, हे मोजणं महाकठीण होतं. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे धागे एकमेकांवर पडलेले, गुंता झालेला. १९२३ मध्ये अमेरिकेत थिओफिलस पेंटर यांनी आकडा सांगितला: ४८. पुढची तीसेक वर्षं पुस्तकांत ४८ च छापलं गेलं. आम्हा प्रोग्रॅमरांच्या भाषेत हा हार्ड-कोड केलेला आकडा. एकदा कोणीतरी लिहून ठेवला की पुढचे सगळे तो धरूनच मोजायला बसतात आणि मोजणी जुळली नाही तर स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतात.

याचा सगळ्यात मासलेवाईक नमुना १९५२ चा. टेक्सासमध्ये टी. सी. ह्सू यांच्या प्रयोगशाळेत कुणा तंत्रज्ञाकडून मिठाचं द्रावण चुकून पातळ झालं. त्यामुळे पेशी पाणी पिऊन फुगल्या आणि आतली गुणसूत्रं सुटी सुटी पसरली. इतकं स्वच्छ चित्र आधी कोणी पाहिलं नव्हतं. तरीही ह्सू यांनी त्या वर्षी आकडा लिहिला तो ४८ च.

खरा आकडा निघाला २२ डिसेंबर १९५५ ला, स्वीडनमधल्या लुंड इथं. जावा बेटावर चिनी कुटुंबात जन्मलेले आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहिलेले जो हिन त्यिओ तिथं आल्बर्ट लेवान यांच्या प्रयोगशाळेत आले होते. फुप्फुसाच्या पेशी, ह्सूंची पातळ द्रावणाची युक्ती, आणि समोर दिसले ते ४६ धागे. १९५६ मध्ये हे छापून आलं. म्हणजे भारत स्वतंत्र झाला तेव्हा आपल्या पेशीत किती गुणसूत्रं आहेत हे जगात कोणालाच बरोबर माहीत नव्हतं.

मोजता यायला लागलं म्हटल्यावर पुढचा प्रश्न ओघानंच आला. मोजणी चुकते तेव्हा काय होतं?

पॅरिसमधल्या काचपट्ट्या

१८६६ मध्ये जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरनं काही मुलांचं एकसारखं दिसणारं वर्णन लिहून ठेवलं होतं: चेहऱ्याची ठेवण, डोळ्यांचा कोन, उशिरा येणारं बोलणं. त्यानं त्यांना नाव दिलं ते वंशावरून, 'मंगोलियन'. हे नाव पुढं जवळजवळ शंभर वर्षं टिकलं. १९६१ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटानं 'लॅन्सेट'मध्ये पत्र लिहून ते टाकून द्यायला सांगितलं. १९६५ मध्ये मंगोलियाच्या मागणीवरून जागतिक आरोग्य संघटनेनं ते सोडलं. आज आपण डाउन सिंड्रोम म्हणतो.

कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. दारू, क्षयरोग, आईचा धसका, काय वाटेल ते सांगितलं जाई. १९३३ मध्ये लायनेल पेनरोज या इंग्रज संशोधकानं कित्येक कुटुंबांचे आकडे मांडून दाखवलं की बापाच्या वयाशी किंवा कितवं मूल आहे याच्याशी याचा संबंध नाही, संबंध आहे तो आईच्या वयाशी. का, ते मात्र त्यालाही सांगता येत नव्हतं.

उत्तर सापडलं पॅरिसच्या त्रूसो हॉस्पिटलात. मार्थ गोतिए ही तरुण डॉक्टर मुळात लहान मुलांच्या हृदयाची. १९५६ मध्ये अमेरिकेहून परत आली, येताना पेशी वाढवण्याची कला शिकून आली. प्रोफेसर रेमों त्युर्पां यांच्या विभागात तिनं जवळजवळ रिकाम्या खोलीत प्रयोगशाळा उभी केली. पेशींना खाद्य हवं तर कोंबडा पाळला, सीरम हवं तर स्वतःचं रक्त काढलं. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या पेशींत तिला ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं दिसली. पण फोटो काढता येईल असा सूक्ष्मदर्शक तिच्याकडे नव्हता. सहकारी जेरोम लजन फोटो काढायला काचपट्ट्या घेऊन गेले. २६ जानेवारी १९५९ ला शोध जाहीर झाला तेव्हा पहिलं नाव लजन यांचं होतं, गोतिएचं दुसरं, आणि तेही चुकीचं छापलेलं. पुढं कितीतरी वर्षं हा शोध एकट्या लजन यांच्या नावावर चालला. २०१४ मध्ये फ्रान्सच्या आरोग्य संशोधन संस्थेच्या नीतिसमितीनं गोतिएचा वाटा मान्य केला. तेव्हा ती नव्वदीच्या उंबरठ्यावर होती.

जादा गुणसूत्र एकविसाव्या जोडीचं होतं. दोनाऐवजी तीन. म्हणून 'ट्रायसोमी २१', आणि म्हणूनच जागतिक डाउन सिंड्रोम दिवस तिसऱ्या महिन्याच्या २१ तारखेला. त्याच १९५९ मध्ये कळलं की काही पुरुषांत एक्स-एक्स-वाय असतं आणि काही स्त्रियांत एकच एक्स. १९६० मध्ये तेराव्या आणि अठराव्या गुणसूत्राच्या तीन-तीन प्रतींची बाळं ओळखली गेली. दोन वर्षांत वैद्यकाची एक नवी शाखा उभी राहिली.

आजीच्या पोटात सुरू झालेलं काम

आता ही मोजणी चुकते कशी? या भागानं मला सगळ्यात जास्त थांबवलं.

शरीरातली साधी पेशी दुभंगते तेव्हा ४६ च्या दोन ४६ होतात. स्त्रीबीज आणि शुक्राणू तयार होताना मात्र हिशेब वेगळा. प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढं जायचं असतं, २३ आईकडून, २३ वडिलांकडून. त्यासाठी जोड्या आधी एकमेकांना बिलगतात आणि मग सुटून दोन टोकांना जातात. कधी एखादी जोडी सुटतच नाही, दोन्ही प्रती एकाच बाजूला जातात. अशा बीजापासून गर्भ राहिला तर त्या गुणसूत्राच्या तीन प्रती होतात. माशांमध्ये, म्हणजे फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांमध्ये, हा प्रकार कॅल्विन ब्रिजेस यांनी १९१६ मध्येच दाखवला होता.

आईच्या वयाचा संबंध इथं येतो. पुरुषात शुक्राणू वयात आल्यापासून रोज नव्यानं तयार होतात. बाईचं तसं नाही. तिची सगळी स्त्रीबीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास त्या इवल्या गर्भात साठ-सत्तर लाख बीजं असतात, जन्मापर्यंत दहा-वीस लाख उरतात. जोड्या बिलगण्याचं काम तेव्हाच होतं आणि मग सगळं अर्धवट थांबतं. पॉज. ते बीज पिकायची पाळी येईपर्यंत, पंधरा, पंचवीस, चाळीस वर्षं. आयुष्यभरात पाळी येते ती फक्त चारेकशे बीजांची.

याचा अर्थ लक्षात घ्या. तुम्ही ज्या स्त्रीबीजापासून झालात, ते तुमच्या आजीच्या पोटात तयार झालं. १९७० च्या आसपास आमच्या गल्लीतल्या कितीतरी आज्या पोटुशी असताना घरी बसून विड्या वळत होत्या, तेव्हा त्यांच्या पोटातल्या मुलींच्या पोटात आमची पिढी अर्ध्यावर थांबलेली होती.

या सगळ्या काळात जोड्यांना एकत्र धरून ठेवतात ती कोहेसिन नावाची प्रथिनं, जणू कड्या. वर्षं जातात तशा या कड्या झिजतात, आणि सुटायच्या वेळी गडबड होण्याची शक्यता वाढते. आई पंचविशीत असेल तर डाउन सिंड्रोमचं बाळ होण्याची शक्यता साधारण हजार-बाराशेत एक. पस्तिशीत साडेतीनशेत एक. चाळिशीत शंभरात एक. वडिलांकडूनही हे होतं, पण दहातल्या सुमारे नऊ वेळा जादा प्रत स्त्रीबीजातून आलेली असते.

इथं एक फसवं गणित आहे. धोका मोठ्या वयात जास्त असला तरी आपल्याकडे बहुतेक बाळंतपणं विशीतच होतात, त्यामुळे डाउन सिंड्रोमची बरीचशी मुलं तरुण आयांच्याच घरी जन्मतात. 'माझं वय तर चोवीस, मला कसं झालं?' या प्रश्नाचं उत्तर एवढंच. शक्यता लहान असते, शून्य नसते.

आणखी एक गोष्ट. गुणसूत्रांची मोजणी चुकणं दुर्मीळ नाही, फार वेळा चुकते. पहिल्या तीन महिन्यांत आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये गुणसूत्रांचा घोळ सापडतो. सोळाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती तर फार वेळा होतात, पण सगळ्या पेशींत तीन प्रती असतील तर ते बाळ जन्मापर्यंत पोचतच नाही. 'स्कूटरवरून गेली', 'जड उचललं', 'पपई खाल्ली' म्हणून ज्या सुनांना वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागलं, त्यांतल्या कित्येकींचा गर्भ पहिल्या दिवसापासूनच टिकणारा नव्हता.

सोलापुरात यात आणखी दोन समजांची भर पडते. पहिला ग्रहणाचा: ग्रहणात चिरलं, शिवलं म्हणून बाळात खोड आली. जोडी न सुटण्याचा घोळ साधारणपणे गर्भ राहण्याआधीच, बीज तयार होताना होऊन गेलेला असतो. सहाव्या महिन्यातल्या ग्रहणाला तो मागं जाऊन कसा करता येईल? दुसरा समज नात्यातल्या लग्नाचा. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या आमच्या शहरात मामाच्या मुलीशी लग्न नवं नाही, काही घरांत मामा-भाचीचंही होतं. अशा लग्नांत एकाच खानदानातले दोन सदोष जीन एकत्र येऊन होणारे आजार वाढतात, हे खरं आहे. पण जोडी सुटली नाही म्हणून होणारा डाउन सिंड्रोम त्यातला नाही. तो नात्यातल्या आणि नात्याबाहेरच्या लग्नात सारखाच होतो.

एक अपवाद मात्र माहीत असलेला बरा. शंभरातल्या तीन-चार मुलांमध्ये जादा एकविसावं गुणसूत्र सुटं नसतं, ते चौदाव्यासारख्या दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. असं चिकटलेलं गुणसूत्र आई किंवा वडिलांत असू शकतं, ते स्वतः ठणठणीत असतात, आणि पुढच्या गर्भात ते पुन्हा येऊ शकतं. म्हणून अशा बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, एकदा करून घ्यायची असते. दोष कोणाचा हे ठरवायला नाही, पुढच्या वेळी किती शक्यता आहे ते कळायला.

गर्भजल

आता बोर्डाकडे येऊ. बाळ पोटात असतानाच गुणसूत्रं पाहायची कशी? बाळ ज्या पाण्यात असतं त्या गर्भजलात त्याच्या पेशी सुटलेल्या असतात. पोटातून सुई घालून थोडं पाणी काढायचं, पेशी वाढवायच्या, मोजायचं. १९६६ मध्ये अमेरिकेत गर्भजलातल्या पेशींची गुणसूत्रं पाहता आली, १९६८ मध्ये डाउन सिंड्रोमचं निदान जन्माआधी झालं.

पण या सुईनं लिंग त्याच्या आधीच वाचलं होतं. बाईच्या पेशीत एक छोटा गडद ठिपका दिसतो, तो १९४९ मध्ये सापडला होता. १९५६ मध्ये कोपनहेगनच्या डॉक्टरांनी गर्भजलातल्या पेशींत तो ठिपका शोधून मुलगा की मुलगी ते सांगितलं. कारण होतं हिमोफिलिया. या आजारात रक्त गोठत नाही, आई वाहक असली तरी आजार होतो तो मुख्यतः मुलग्यांना. तिथं चिंता मुलगा असण्याची होती.

भारतात १९७१ मध्ये गर्भपाताचा कायदा आला. १९७४-७५ च्या सुमारास दिल्लीच्या 'एम्स'मध्ये गर्भजल परीक्षा सुरू झाली, ती जन्मजात दोष शोधण्यासाठी. लवकरच डॉक्टरांच्या लक्षात आलं की येणाऱ्या बायकांना, त्यांच्या घरच्यांना, दोषाशी देणंघेणं नाही. मुलगी आहे कळलं की गर्भपात हवा असतो. दशक संपायच्या आत सरकारी दवाखान्यांत लिंग सांगण्यासाठी ही परीक्षा करायला बंदी आली. खासगी दवाखान्यांना बंदी नव्हती. काम तिकडं गेलं.

मुंबईत ते कुठवर पोचलं होतं, याचा हिशेब १९८६ मध्ये लागला. महाराष्ट्र सरकारच्या सांगण्यावरून डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून पाहणी केली. त्यांतले ४२ डॉक्टर लिंग सांगण्यासाठी गर्भजल परीक्षा करत होते. शंभरातले चौऱ्याऐंशी. आज थोडे पैसे खर्चा आणि पुढं लग्नाचे लाखो वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती त्या काळात उघड होत होत्या. हुंड्याचं गणित दवाखान्याच्या जाहिरातीत आलं होतं.

ज्या पेशींत ४६ गुणसूत्रं समोर होती, त्यांतली ४४ कोणी विचारतच नव्हतं.

महाराष्ट्राचा कायदा, आणि भीमेपलीकडचा

याविरुद्ध पहिली संघटित लढाईही इथंच झाली. १९८५-८६ च्या सुमारास मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर, वकील, आरोग्य कार्यकर्ते एकत्र येऊन एक मंच उभा राहिला, 'फोरम अगेन्स्ट सेक्स डिटर्मिनेशन अँड सेक्स प्रीसिलेक्शन'. मोर्चे, पथनाट्यं, आमदारांच्या भेटी आणि हाताशी वरचा तो अहवाल. १९८८ मध्ये महाराष्ट्रानं गर्भलिंग परीक्षेविरुद्धचा देशातला पहिला कायदा केला आणि तो त्याच वर्षी १० मे रोजी लागू झाला.

पण राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीपुरता. सोलापुरातून विजापूरच्या रस्त्याला लागलं की टाकळीजवळ भीमा ओलांडताच कर्नाटक. तिथं हा कायदा नव्हता. सगळ्या देशासाठी कायदा झाला १९९४ मध्ये, अंमलात आला १ जानेवारी १९९६ ला.

हा कायदा उघडून वाचण्यासारखा आहे. जन्मपूर्व तपासणी कोणत्या कारणांसाठी करता येईल, याची त्यात यादी आहे. यादीत पहिलंच कारण आहे गुणसूत्रांमधले दोष. मग चयापचयाचे आनुवंशिक आजार, रक्तातल्या हिमोग्लोबिनचे आजार, लिंगाशी जोडलेले आजार, जन्मजात व्यंगं. कोणाची तपासणी करावी, तेही आहे: आईचं वय ३५ च्या वर, दोन किंवा अधिक आपोआप झालेले गर्भपात, आणि अशीच इतर कारणं. म्हणजे कायदा तपासणीवर बंदी घालत नाही. तिचं मूळ काम तिला परत देऊन, त्या कामापुरतं तिला बांधून ठेवतो.

तोवर गर्भजलाची सुई मागं पडली होती. सोनोग्राफी मशीन आलं. त्यात गुणसूत्रं दिसतच नाहीत, थेट शरीर दिसतं. पेशी वाढवत पंधरा दिवस थांबायला नको, प्रयोगशाळा नको. लिंग विचारणाऱ्याला विज्ञानाची गरजही उरली नाही. कायदा कागदावरच राहतोय म्हणून २००० मध्ये मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१ मध्ये न्यायालयानं सरकारांना फटकारलं, २००३ मध्ये कायदा कडक झाला.

आकडे काय सांगतात? सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. आमचं सोलापूर राज्याच्याही खाली. आमच्या शेजारचं बीड २०११ मध्ये ८०७. २०१२ मध्ये बीडमधल्या परळीचं प्रकरण बाहेर आलं, २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये, तेही कर्नाटकच्या सीमेवर, १९ भ्रूण पुरलेले सापडले. जगात पहिल्यांदा सेहेचाळीस मोजले गेले, त्याला तेव्हा साठ वर्षं झाली होती.

दोन्ही वेळी बोट सुनेकडे

मुलगा की मुलगी हे शुक्राणूतून एक्स आला की वाय यावर ठरतं. आईकडे द्यायला एक्सच असतो. एक्स-वायचं हे कोडं नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेनं १९०५ मध्ये पिठातल्या किड्यांवर सोडवलं होतं. आपल्या दहावीच्या पुस्तकात ते असतं. तरी तिसरी मुलगी झाली की टोमणा खायचा सुनेनं.

एकविसाव्या जोडीत घोळ बहुतेक वेळा स्त्रीबीजात होतो, म्हणून तिथंही बोट तिच्याकडे. पण ते बीज घडलं तेव्हा ती स्वतःच जन्मली नव्हती. तिनं काय खाल्लं, कुठं गेली, कोणाच्या समोर आली, याचा त्यात काडीचा संबंध नाही. एका जोडीत निवड वडिलांच्या बाजूची, दुसरीत निव्वळ योगायोग. दोन्हींचा निकाल लागतो तो एकाच बाईविरुद्ध. माझ्या एका मित्राच्या घरी 'रिस्क १:२१०'चा कागद आला, तेव्हा पहिला फोन डॉक्टरला गेला नाही, सुनेच्या माहेरी गेला: 'तुमच्याकडे कोणी असं होतं का?'

१:२१० म्हणजे काय, हे त्या घरात कोणी सांगितलं नव्हतं. अशा स्थितीतल्या २१० जणींपैकी २०९ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो. डबल मार्कर ही चाळणी आहे, निदान नाही. त्यापुढं आईच्या रक्तातून बाळाच्या डीएनएचे तुकडे वाचणारी एनआयपीटी चाचणी असते, तीही चाळणीच, फक्त बारीक जाळीची. खात्री हवी तर अजूनही गर्भजलच. भारतात या रिपोर्टमध्ये बाळाचं लिंग देत नाहीत. जी जोडी सगळ्यांना वाचायची होती, तीच आता झाकलेली असते.

आणि उरलेल्या जोड्यांचं काय? फेब्रुवारी २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्या ३७ वर्षांच्या एका बाईनं सर्वोच्च न्यायालयात परवानगी मागितली. गर्भाला डाउन सिंड्रोम असल्याचं कळलं होतं, पण २६ आठवडे झाले होते. तेव्हाची मर्यादा २० आठवड्यांची. आईच्या जिवाला धोका नाही म्हणून न्यायालयानं परवानगी नाकारली. पुढं २०२१ मध्ये कायदा बदलला, गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो.

तिनं काय करायला हवं होतं हे मी सांगणार नाही. तो निर्णय तिचा. मला खुपतं ते एवढंच की तिचं वय ३७ होतं. कायद्याच्या यादीत बसणारं. तपासणी तिच्यासारखीसाठीच होती आणि तिला कळलं ते मात्र इतक्या उशिरा. ज्या राज्यात एके काळी शंभरातले चौऱ्याऐंशी डॉक्टर तेविसावी जोडी बघून द्यायला तयार होते, त्या राज्यात एकविसावी वेळेत बघून मिळणं ही आजही पैशांची, शहराची आणि नशिबाची गोष्ट आहे. सोलापूरच्या खेड्यातली बाई पहिली सोनोग्राफी करायला येते तेव्हा अनेकदा पाचवा महिना लागलेला असतो.

ज्यांच्या घरी असं बाळ जन्मतं, त्यांच्यासाठी शेवटची गोष्ट. अमेरिकेत १९८३ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांचं होतं. आज ते साठच्या आसपास आहे. गुणसूत्र तेच, एकविसाव्याच्या तीनच प्रती. बदललं ते इतकंच की या मुलांना संस्थांत टाकणं थांबलं, आणि त्यांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो आणि त्यातले बरेचसे दुरुस्त करता येतात. म्हणून बाळ घरी आलं की माहेरचं कोण, सासरचं कोण हे शोधण्याआधी त्याच्या हृदयाची इको करून घ्यायची. मार्थ गोतिएनंही नंतर तेच काम धरलं. काचपट्ट्या हातातून गेल्यावर ती गुणसूत्रांच्या शर्यतीत थांबली नाही, लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरकीकडे परत गेली.